बिघाड कुठे आहे, ते मोजून सांगा

(मलकापूर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकर्ती बोलायला उभी राहिली की मारहाण, पोटगी, हुंडा यांवर बोलणार असं तुम्ही गृहीत धरता. आज मी गाडीतल्या तारांवर बोलणार आहे. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई, मेकॅनिक नव्हे. पण हा विषय आपल्या कामात कसा घुसला ते ऐका.

आमच्या संस्थेची सेकंडहँड गाडी तुम्ही पाहिली आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री एका बाईला आणि तिच्या दोन लेकरांना गावातून काढून मी मलकापूरकडे येत होते. मागे मोटरसायकलवर तिचा नवरा. आपण अजून सहा नंबर म्हणतो त्या त्रेपन्न नंबरच्या हायवेला लागलो आणि वायपर थांबले. समोरच्या काट्यांच्या पाटीवर सगळे लाल-पिवळे दिवे पेटले. दारांची कुलुपं आपोआप खटाखट वर-खाली होऊ लागली. ती बाई मागच्या दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसली होती. दहा मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत झालं. आम्ही सुखरूप पोचलो, पण ते हँडल मी विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेले. तिथे गाडी व्यवस्थित चालली. "मॅडम, घाबरल्या असाल," असं हसून ऐकवलं. मग स्कॅनर लावला आणि निदान आलं: बॉडी कंट्रोल मॉड्यूल गेलं, बदलावं लागेल, अठ्ठावीस हजार. आमचा कित्येक महिन्यांचा पेट्रोलचा खर्च!

आमच्या एका कार्यकर्तीची मुलगी आयटीआयला मेकॅनिक ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स हा ट्रेड शिकते. तिने एकच विचारलं, "ताई, मोजून पाह्यलं काय त्यायनं?" कोणी काही मोजलं नव्हतं.

तिने मला समजावलं ते तुम्हाला सांगते. जुन्या गाडीत प्रत्येक बटणापासून दिव्यापर्यंत वेगळी तार जायची. आता वायपर, दिवे, कुलुपं, काचा यांचा कारभार बॉडी कंट्रोल मॉड्यूल पाहतं. ते इंजिनाच्या, ब्रेकच्या, काट्यांच्या मॉड्यूलशी एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवरून बोलतं. या पद्धतीला कॅन म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे आणली. एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखं समजा. घोषणा सगळ्यांना ऐकू येते, ज्याची गाडी तो उठतो. पीळ अशासाठी, की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढावा; ऐकणारं मॉड्यूल दोन तारांतला फरक तेवढा वाचतं.

या जोडीच्या दोन टोकांना एकशेवीस-एकशेवीस ओहमचे दोन रेझिस्टर असतात. दोन्ही जोडलेले असले तर मीटर साठ दाखवतो. एकशेवीस दाखवला तर तार कुठेतरी तुटली आहे किंवा एक टोक सुटलं आहे. शून्याच्या जवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मग एकेक मॉड्यूल सोडवत जायचं, आकडा कुठे सुधारतो ते पाहायचं.

पोरीने आधी बॅटरीचा व्होल्टेज, फ्यूज आणि अर्थिंग पाहिलं. मग बॅटरीची तार काढली, कारण चालू लाइनवर ओहम मोजायचे नसतात. थोडं थांबून स्टिअरिंगखालच्या सॉकेटमधल्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांना मीटर लावला. साठ! माझं तोंड पडलं. ती म्हणाली, "थांबा." मीटर तसाच ठेवून तिने पायाखालची चटई उचलली आणि तारांची जुडी हळूहळू हलवत गेली. एका जागी आकडा एकशेवीसवर उडाला. सोडला की पुन्हा साठ. चटईखाली पावसाचं पाणी मुरत होतं आणि एका कनेक्टरची पिन हिरवी पडून कुजली होती. पिन बदलली, पाण्याची वाट बंद केली. खर्च तीनशे रुपयांच्या आत. त्यानंतर कुलुपांनी पुन्हा तो खेळ केला नाही.

प्रत्येक गाडीत असंच जमेल असं नाही, हेही तिने बजावलं. काही गाड्यांत सॉकेटच्या मधे गेटवे असतो, तिथे कंपनीचा नकाशा लागतो. एकच काच किंवा एकच आरसा बंद असेल तर तो बहुधा लिन नावाच्या एकेरी तारेवरचा प्रश्न असतो. आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला नवख्या माणसाने हात लावायचा नाही.

मला सगळ्यात लागली ती स्कॅनरची गोष्ट. त्यावर यू अक्षराने सुरू होणारा कोड होता. त्याचा अर्थ "या मॉड्यूलशी संपर्क नाही" एवढाच. गॅरेजवाल्याने तो "मॉड्यूल मेलं" असा वाचला. आपणही हेच करतो. एखादी बाई तीन बैठकांना आली नाही, की तिला रस नाही असं लिहून मोकळ्या होतो. तिचा आवाज पोचत नाही, म्हणजे वाट कुठे तुटली ते पाहायला जायला हवं.

१९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि तिथेच इंजिनिअर म्हणून लागल्या. वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या संचालक रश्मी ऊर्ध्वरेषे होत्या. त्यांना २०२० साली राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. तरी आपल्या गावात मुलगी गॅरेजात उभी राहिली की लोक थांबून बघतात. आणि आम्ही संस्थावाल्या? इतकी वर्षं शिवणयंत्रंच वाटत आलो.

त्या पोरीला आता कामाचा अनुभव हवा आहे. दोन गॅरेजांनी "इथे बाथरूम नाही" म्हणून परत पाठवलं. वडील स्थळं बघायला लागले आहेत. तुमच्यापैकी कितीजणींच्या घरची माणसं हायवेवर गॅरेज चालवतात, मला ठाऊक आहे. आज घरी गेल्यावर त्यांना एवढंच विचारा: एक मुलगी ठेवता का, बाथरूम कधी बांधता, आणि संध्याकाळी तिला वेळेवर सोडता का?

उत्तर काहीही आलं तरी पुढच्या बैठकीला येऊन सांगा. नकार आला तर मी स्वतः त्या गॅरेजात येईन, आणि मीटर घेऊन तीही येईल.