शिक्षणापासून वंचित राहिलेला राजपुत्र



प्रवेशाच्या दिवसांत एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : चेन्नईत राहून मुलांना मराठीतून का शिकवावे? त्याचे थेट उत्तर देण्याऐवजी आज मी तंजावरच्या एका राजाची हकीकत सांगणार आहे. त्याचा अभ्यास याच शहरात झाला.

सरफोजीराजे भोसले यांचा जन्म १७७७ चा. १७८७ साली तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि थोड्याच दिवसांत ते निवर्तले. मुलगा अजून दहा वर्षांचाही नव्हता. गादी अमरसिंहांकडे गेली आणि त्यापुढची हकीकत वाचताना कोणाही शिक्षकाचा जीव कासावीस व्हावा. मुलाला वाड्यात कोंडल्यासारखे ठेवले गेले. त्याच्या शिक्षणाची काहीच सोय नव्हती. तुळजाजींनी ज्यांच्या ओटीत हे मूल घातले होते, त्या जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे तक्रार लावून धरली. तेव्हा कुठे १७९३ मध्ये सरफोजी मद्रासेस आले आणि पाद्री गेरिके यांच्या देखरेखीखाली शिकू लागले.

१७९८ साली त्यांना गादी मिळाली. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. इंग्रजांपुढे राजे अंमळ अधिकच लवले, असे माझे मत आहे. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ त्यांनी समुद्रकाठी मनोरा उभारला, हेही लपवू नये.

मग राज्य नसलेल्या राजाने चौतीस वर्षे केले काय? मध्ययुगीन युरोपचा सम्राट शार्लमेन उतारवयात उशाखाली पाट्या ठेवून अक्षरे गिरवीत असे, पण फार उशीर झाला होता, असे त्याचा चरित्रकार सांगतो. सरफोजींना गुरू वेळेवर भेटले आणि लहानपणी न मिळालेले त्यांनी पुढे जन्मभर साठवले. नायक राजांच्या काळापासूनच्या ग्रंथसंग्रहाला त्यांनी आजच्या सरस्वती महालाचे वैभव दिले. काशीयात्रेतही हस्तलिखिते गोळा केली. युरोपीय भाषांतील हजारो पुस्तके मागवली. त्यांतील कितीतरी पुस्तकांवर त्यांची सही आहे. वाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि त्यावर इसापाच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढून उपचारांच्या नोंदी ठेवल्या जात.

मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तमिळ देशातला लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी येते. सरफोजींनी तिच्या तोंडी जगाचा भूगोल घातला, तोही मराठीत! साचा इथल्या मातीतला, ज्ञान युरोपातून आलेले आणि भाषा घरची. या तिन्हींत त्यांना कुठे विरोध दिसला नाही. भूगोलाच्या तासाला पेंगणाऱ्या वर्गासमोर उभी असताना मला या राजाचा हेवा वाटतो.

गेल्या वर्षी सातवीची मुले तंजावरला नेली होती. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. तो १८०३ साली सरफोजींनीच कोरवून घेतला. मुले आधी नुसतीच भिंतीकडे पाहत राहिली. मग एकीच्या ध्यानात आले की ही अक्षरे आपलीच आहेत. ती बोट फिरवीत, अडखळत वाचू लागली. जुन्या वळणाचे शब्द आले की थांबून माझ्याकडे पाहायची. बस सुटायची वेळ झाली, तरी एक ओळ अजून पुरी व्हायची होती.