उंदराचं यकृत आणि आपला मित्र



संयोजकांनी बजावलंय, "तुझ्या संशोधनावर बोल, पण थोडक्यात. नंतर जेवण आहे." जेवणात जिलबी आहे हे मी येतानाच पाहिलं, तेव्हा थोडक्यातच बोलते.

माझी बरीच वर्षं पांढऱ्या उंदरांना खाऊ घालण्यात गेली. काही पिंजऱ्यांत नेहमीचं कोरडं खाद्य, काहींत भरपूर चरबी आणि साखर घातलेलं. काही आठवड्यांनी यकृत तपासायचं. शास्त्राच्या बाईंनी फळ्यावर काढलं होतं तसं निरोगी यकृत गडद तांबूस-तपकिरी असतं. दुसऱ्या गटातलं पिवळट, फुगलेलं, हाताला तुपकट लागायचं.

गंमत अशी की इंधन एवढं साठूनही त्या पेशीची कामाची ऊर्जा कमी पडू लागते. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, अन्न जाळून एटीपी बनवणारे. चरबीचा लोंढा आला की सुरुवातीला ते जास्त जोराने जाळतात. भार तसाच राहिला तर त्यांनाच इजा होते, आणि एटीपी बनवणं मंदावतं. चुलीत लाकडं कोंबली की जाळ कमी आणि धूर जास्त, तसं. साखरेतलं फ्रुक्टोज तर यकृतात शिरल्या शिरल्या आधी एटीपी खर्चच करायला लावतं. शिवाय उरलेल्या साखरेची यकृत पुन्हा चरबीच करतं.

या सगळ्यात दारूचा एक थेंब नाही. माणसातही हेच दिसतं. 1980 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची नोंद केली, ज्यांचं यकृत दारुड्यासारखं दिसत होतं, पण ते पिणारे नव्हते. त्यातले बहुतेक स्थूल होते, काहींना मधुमेह होता.

हे मला तोंडपाठ होतं. आणि तरीही, आपला मागच्या बाकावरचा मित्र लिव्हरच्या दुखण्याने गेला तेव्हा मी काय केलं? त्याचा फिरतीचा धंदा, जेवण स्टँडवर, दिवसाला सात-आठ गोड चहा, वजन वाढलेलं, शुगर होती. लोक म्हणाले, "चोरून पीत असणार." मला कुणी फोनवर हेच सांगितलं आणि मी "असेल बाबा" म्हणाले. त्याच आठवड्यात मी प्रयोगशाळेत तसलीच पिवळी यकृतं वजन करून नोंदवत होते.

परवा वहिनींना फोन केला. माफी मागितली, आणि त्याच्याबद्दल इथे बोलू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "स्टेजवरूनच सांगा, ताई. घरात आम्हाला ठाऊकच होतं."

म्हणून सांगते. तो पीत नव्हता.