कोळशावरचा उपकर आणि संसदेचा जाब



कोरब्याच्या खाणींतला कोळसा घेऊन रायपूरवरून पश्चिमेकडे जाणाऱ्या मालगाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. या कोळशाच्या प्रत्येक टनावर केंद्र सरकारने २०१० साली ५० रुपयांचा उपकर बसविला. कोळशाच्या धुराने पृथ्वीचे हवामान बिघडते. तेव्हा त्या कोळशावर काही भार पडावा आणि त्या पैशातून निर्मळ ऊर्जेची कामे उभी राहावीत, हा त्यामागचा हेतू. दर वाढत वाढत २०१६ साली ४०० रुपयांवर गेला. सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार या उपकराचे सुमारे ८६,४०० कोटी रुपये जमले. पैकी स्वच्छ ऊर्जा निधीत वर्ग झाले सुमारे २९,६०० कोटी, आणि प्रकल्पांच्या कामी लागले सुमारे १५,९०० कोटी. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हा उपकर राज्यांच्या महसुलाची भरपाई करण्याकडे वळविण्यात आला.

हवामानबदलाच्या बाबतीत सरकार जे करते त्याचा जाब संसद कशी विचारते, हे समजून घेण्यास हा हिशेब फार उपयोगी आहे.

पहिले साधन प्रश्नोत्तराच्या तासाचे. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. संसदेच्या प्रश्नाची फाइल आली की कचेरीतील इतर कामे बाजूस सारली जातात, हे शासकीय सेवेतील कोणीही सांगेल. दिल्लीत विचारलेल्या दोन ओळींच्या प्रश्नासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वनीकरणाची जुनी रजिस्टरे उघडावी लागतात. प्रश्नाचे खरे सामर्थ्य यातच आहे.

परंतु उत्तर म्हणजे काम नव्हे. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’, ‘बाब विचाराधीन आहे’ ही वाक्ये आपल्या परिचयाची आहेत. संसदेच्या दृष्टीने मात्र अशी उत्तरे म्हणजे आश्वासने ठरतात. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या कारकिर्दीत, १९५३ साली, सरकारी आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती स्थापन झाली. दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे व्हावे, अशी अपेक्षा असते. मुदतवाढ मागता येते. पण ती मागावी लागते, हेही काही थोडे नव्हे.

तिसरे साधन समित्यांचे. सभागृहातील चर्चा लोकांच्या कानी पडते. समित्यांचे काम शांतपणे चालते. तेथे सचिवांना बोलावून कागद मागता येतात. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालांवरून झालेला खर्च तपासते. पर्यावरणाच्या खात्यासाठी विभागीय स्थायी समिती आहे. हवामानबदलाविषयीची राष्ट्रीय कृती योजना २००८ साली आठ अभियानांसह जाहीर झाली होती. तिच्या कामगिरीवर डॉ. मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील अंदाज समितीने २०१८ साली स्वतंत्र अहवाल सादर केला. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, परंतु ती का मानली नाही हे सरकारला लेखी कळवावे लागते.

मग उणीव कोठे आहे? ती मोजपट्टीची आहे. ब्रिटनच्या संसदेने २००८ साली कायदा करून उत्सर्जनाच्या मर्यादा ठरवून घेतल्या, आणि स्वतंत्र समितीच्या वार्षिक अहवालाला सरकारने उत्तर दिलेच पाहिजे असे बंधन घातले. आपण २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय २०२१ साली ग्लासगो येथे जाहीर केले. ते संसदेने केलेल्या कायद्यात उतरलेले नाही. लोकसभेत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या विषयावर चर्चा झाली. पण ती नियम १९३ खालची, म्हणजे जिच्या अखेरीस मतदान होत नाही अशी. वर्षावर्षाचे टप्पेच कायद्यात नसतील, तर सरकार कोठे मागे पडले हे सदस्याने कशावरून दाखवावे?

उपकराची गोष्ट येथे अधिक बोलकी होते. उपकराचा पैसा प्रथम देशाच्या संचित निधीत जातो आणि तेथून संसदेच्या मंजुरीनेच बाहेर पडतो. २०१७ चा बदलही संसदेच्याच कायद्याने झाला. म्हणजे जाब विचारणारे सभागृह या निर्णयात स्वतः सहभागी होते. साधने पुरेशी असली, तरी ती वापरणारे हात जागे असावे लागतात.

छत्तीसगडमधून लोकसभेवर अकरा सदस्य निवडून जातात. खाणी येथल्या, कोळसा येथला, तुटलेले जंगलही येथले. आणि पाऊस लांबला की सुकणारे धानही येथलेच. या अकरांपैकी प्रत्येकाला आपण दर अधिवेशनानंतर एवढेच विचारावे : आमच्या वतीने आपण कोणता प्रश्न विचारला, आणि त्याला मिळालेल्या उत्तराचे पुढे काय झाले? संसदेचा जाब मतदाराच्या या साध्या प्रश्नापासून सुरू होतो.