सुटे भाग बरोबर, तरी रॉकेट पडले



तुमच्यापैकी बरेच जण इंजिनिअरिंगला आहेत. कुणी मेकॅनिकलला, कुणी कॉम्प्युटरला. पण सगळ्यांचे काम एकत्र जोडल्यावर पूर्ण यंत्रणा चालेल की नाही, हे पाहणारा इंजिनिअर कुठल्या वर्गात घडतो?

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू इथून युरोपचे एरियन-५ रॉकेट पहिल्यांदाच उडाले. सुमारे ४० सेकंदांत ते भरकटले आणि फुटले. सोबत ४ वैज्ञानिक उपग्रह गेले.

रॉकेटची दिशा आणि वेग सांगणाऱ्या संगणकातला प्रोग्राम जुन्या एरियन-४ वरून घेतलेला होता. तिथे तो नीट चालत होता. एरियन-५ चा आडवा वेग मात्र सुरुवातीलाच खूप वाढला. त्याच्याशी संबंधित आकडा १६ बिटांच्या जागेत, म्हणजे ३२,७६७ च्या आत, मावला नाही आणि संगणक बंद पडला. राखीव संगणकातही तोच प्रोग्राम होता, त्यामुळे तोही बंद पडला. गंमत म्हणजे, हिशोबाच्या त्या भागाची उड्डाणानंतर गरजच नव्हती.

चौकशीत आढळले की असा धोका ७ आकड्यांना होता. ४ आकड्यांना संरक्षण दिले, ३ तसेच सोडले. का सोडले, हे कागदपत्रांत सहज सापडत नव्हते. नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे देऊन ही यंत्रणा जमिनीवर तपासलीही नव्हती.

इथे कुणाला प्रोग्रामिंग येत नव्हते असे नाही. ‘जुन्या रॉकेटसाठी धरून चाललेली गोष्ट नव्यालाही लागू आहे का?’ हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही. सिस्टिम डिझाइनचे शिक्षण म्हणजे मुख्यतः हा प्रश्न विचारण्याची सवय. ती व्याख्यानातून लागत नाही, हाताने काम करून लागते.

म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दुकानातून तयार विकत आणू नका. दोन-तीन शाखांची मुले-मुली मिळून करा. काय गृहीत धरले, ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. एकाचे काम दुसऱ्याच्या कामाला जिथे जोडले जाते, तिथली जबाबदारी नावानिशी ठरवा. शेवटी पूर्ण यंत्रणा एकत्र चालवा आणि मुद्दाम एक भाग बंद पाडून पाहा.

आपल्याकडे मोठ्यांना उलट विचारू नये असे शिकवतात. घरात अदब जरूर ठेवा. पण ड्रॉइंगसमोर बसल्यावर सर असोत की सीनियर, ‘हे कशावरून?’ असे विचारायला कचरू नका.