चूक कुत्र्याची की मास्तरांची?

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी बजावलं होतं, "विषय कुठलाही घे, पण कॉम्प्युटर नको, आणि जेवणाआधी आटप." म्हणून मी कुत्रे निवडले. घरातल्या सोफ्यावरचे नव्हेत, नोकरी करणारे. पोलिसांचे, मेंढपाळांचे, अंधांना वाट दाखवणारे. यंत्राला उदाहरणं दाखवून शिकवणं हे माझं रोजचं काम. त्यासाठी वाचता वाचता मी या कुत्र्यांपर्यंत पोहोचले आणि लक्षात आलं, की विद्यार्थी यंत्र असो, कुत्रा असो नाहीतर दहावी 'ब', घोटाळे तेच होतात.

पोलीस खात्यात कुत्रा सांभाळणाऱ्याला 'श्वान हस्तक' म्हणतात. कुख्यात गुंडाचा असतो तो हस्तक वेगळा! नव्या हस्तकाची पहिली चूक ठरलेली. तो म्हणतो, "बैस." कुत्रा ढिम्म. "बैस, बैस... अरे बैस ना!" मग कुत्रा बसतो आणि शाबासकी मिळते. कुत्रा काय शिकला? पहिल्या तीन हाका सोडून द्यायच्या, चौथी खरी. आपल्या वर्गातली मागची बाकं "गप्प बसा"चा अर्थ असाच लावायची, हे इथे बसलेल्या सरांना आठवत असेलच.

मेंढपाळ कुत्र्यांच्या स्पर्धा वेल्समधल्या बाला इथे १८७३ पासूनच्या. तिथे 'कम-बाय' म्हटलं की कुत्र्याने मेंढ्यांभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायचं आणि 'अवे' म्हटलं की उलट. आता कुत्रा समोरून येत असला की त्याची डावी ती आपली उजवी. नवखा माणूस हमखास गोंधळतो आणि भलतंच ओरडतो. जुनाजाणता कुत्रा कधीकधी त्याच्याकडे दुर्लक्ष करून मेंढ्या बरोबर आणतो. कौतुक अर्थातच मालकाचं होतं.

बक्षिसाची गंमत आणखी वेगळी. १९०८ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पॅरिसची एक बातमी छापली होती. सीन नदीत पडलेल्या मुलाला एका न्यूफाउंडलंड कुत्र्याने बाहेर काढलं. मुलाच्या वडिलांनी खूश होऊन त्याला मांसाचा मोठा तुकडा दिला. दोन दिवसांनी आणखी एक मूल पडलं, आणखी एक तुकडा. मग मुलं वरचेवर पडायला लागली. लोकांना कुणा दुष्ट माणसाचा संशय आला, पाळत ठेवली, तर काठावर खेळणाऱ्या मुलांना ढकलणारा तोच शूर कुत्रा! लोकांना वाटत होतं आपण जीव वाचवण्याचं बक्षीस देतोय. कुत्र्याचा हिशोब साधा होता: मूल पाण्यात, मांस तोंडात.

वास ओळखणाऱ्या कुत्र्यांचंही असंच. हस्तक दर वेळी रबरी हातमोजे घालून स्फोटकाचा नमुना त्याच जातीच्या प्लास्टिकच्या पिशवीत लपवतो. कुत्रा अचूक शोधतो, सगळे टाळ्या वाजवतात. पुढे कळतं, की तो हातमोज्याचा आणि पिशवीचा वास शिकलाय. म्हणून जाणकार प्रशिक्षक नुसते हातमोजे आणि रिकाम्या पिशव्याही लपवून ठेवतात आणि त्यांच्यापाशी बसलं तर बक्षीस देत नाहीत.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं ऐकून मात्र मी जरा गंभीर झाले. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १८ हस्तक आणि त्यांचे कुत्रे एका चर्चमध्ये शोधाला पाठवले. हस्तकांना सांगितलं, की इथे अमली पदार्थांचा किंवा स्फोटकांचा वास असू शकेल आणि काही जागांवर लाल कागदाची खूण आहे. प्रत्यक्षात इमारतीत तसलं काहीही नव्हतं. काही ठिकाणी कुत्र्यांना भुलवायला सॉसेज आणि टेनिसचे चेंडू लपवले होते, ते हस्तकांना माहीत नव्हतं. १४४ शोध झाले. हस्तकांनी "इथे सापडलं" असं २२५ वेळा सांगितलं आणि सगळेच्या सगळे इशारे खोटे! त्यातही सॉसेजपेक्षा लाल कागदापाशी जास्त. कागदाचा अर्थ कुत्र्याला कुठून कळणार? तो माणसाच्या डोक्यात होता. हस्तक जरा थबकला, पट्टा किंचित ताणला गेला, तरी कुत्र्याला तेवढं पुरतं. आणि कधीकधी कुत्र्याने काही न सांगताही माणसाला हवं ते दिसतं.

आपणही पाढे म्हणताना बाईंच्या भुवया वाचायचोच की! सात नव्वे म्हणताना भुवई वर गेली, की उत्तर बदलायचं.

पण इथे पणाला काय लागलेलं असतं पाहा. १९९३च्या स्फोटांनंतर मुंबईत 'जंजीर' नावाच्या लॅब्राडोरने किती स्फोटकं शोधून दिली, हे आपल्या पिढीला आठवत असेल. तो जिथे "काही नाही" म्हणेल तिथे माणसं निर्धास्त पाऊल टाकणार, आणि कुत्रा जिथे खोटा इशारा देईल तिथे एखाद्या निरपराध प्रवाशाची बॅग चारचौघांत उपसली जाणार. हस्तकाच्या मनातला संशय कुत्र्याच्या नाकातून बाहेर आला, की तो पुरावा वाटायला लागतो.

यावरचा उपाय आपल्या परीक्षा मंडळाला माहीत आहे. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, फक्त बैठक क्रमांक असतो. तसंच सरावात वास कुठे लपवलाय हे हस्तकालाही सांगायचं नाही आणि काही फेऱ्या मुद्दाम कोऱ्या ठेवायच्या. "इथे काहीच नाही" हेही बरोबर उत्तर असतं, त्यालाही शाबासकी हवी. आमच्या क्षेत्रातही प्रोग्राम लिहिणाऱ्यावर एकट्यावर त्याची तपासणी सोपवत नाहीत, ती याचसाठी.

मला सगळ्यात आवडतो तो अंधांना वाट दाखवणारा कुत्रा. त्याला आज्ञा मोडायलाही शिकवतात. मालक "पुढे चल" म्हणाला आणि समोरून गाडी येत असली, तर तो हलत नाही. आज्ञा पाळणं अनेकांना शिकवता येतं. योग्य वेळी "नाही" म्हणायला शिकवायचं तर शिकवणाऱ्याचं मन मोठं लागतं. "बाई, फळ्यावरचं गणित चुकलंय," असं आपल्या वर्गात कुणी म्हटलं, की बाई हसून खडू त्याच्याच हातात द्यायच्या. तेव्हा आम्हाला ती गंमत वाटायची. बाई, आज त्याबद्दल मनापासून आभार.

आता मसालेभाताचा वास इथवर आलाय आणि तो ओळखायला हस्तक लागत नाही. वेळेत भाषण संपवणाऱ्याला बक्षीस मिळतं, एवढं मीही शिकले आहे.