भिंतीवर एक चित्र हवं



चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ सालचा, आपल्या नागपुरातला. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात इथेच चित्रकला शिकले. २०२१ साली गायतोंड्यांचं एक चित्र लिलावात ३९ कोटी ९८ लाखांना गेलं, तर २०२३ साली रझांचं ५१ कोटी ७५ लाखांना. बातमी वाचून मी आमच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे बँकेचं कॅलेंडर होतं.

हाताने काढलेलं एक तरी चित्र घरात असावं, ही माझी जुनी हौस. पण पगार, मुलांच्या फिया आणि आईची औषधं यांत ती दर महिन्याला मागे पडायची. गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांच्या एका प्रदर्शनात गेलो. कॅनव्हासवरच्या चित्रांच्या किमती वाचून पुढे सरकलो. कोपऱ्यात बाभळीचं एक काळं-पांढरं लिनोकट होतं, दोन हजाराचं.

"छापलेलंच ना? मग दोन हजार कशाचे?" मी विचारून बसलो.

त्या मुलीने शांतपणे सांगितलं. लिनोलियमचा तुकडा हाताने कोरायचा, रोलरने शाई लावायची, कागद ठेवून एकेक प्रत काढायची. खाली पेन्सिलीने सही आणि आकडा. ४/१० म्हणजे दहांतली चौथी प्रत. दहा झाल्या की ठशावर आडवी रेघ कोरून तो बाद करायचा. म्हणजे ही कुठल्या चित्राची नक्कल नव्हे, चित्र हेच.

मला माझीच लाज वाटली. माझ्या कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती निघाल्या. "कविराज, एक प्रत द्या की," असं म्हणणारे खूप भेटले, किंमत विचारणारे थोडे. आणि आता मीच घासाघीस करायला निघालो होतो! हजार रुपये तिथेच दिले, हजार पुढच्या पगाराला. ती कबूल झाली. (विचारलं तर बहुतेक नवे चित्रकार हप्ता मान्य करतात. आपण विचारतच नाही.)

घरी बायको म्हणाली, "अजी, इतने में तो पूरे घर के परदे आ जाते." खोटं नव्हतं. ईद तोंडावर होती. मी माझा कुर्ता रद्द केला.

फ्रेमला आणखी नऊशे लागले. फ्रेमवाल्याने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली: काच कागदाला टेकू द्यायची नाही, मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, आणि कूलरसमोर तर टांगायचंच नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलरच्या ओलीने कागद फुगतो, त्यावर डाग पडतात. त्यामुळे एकच भिंत उरली, आई नमाज पढते त्या बाजूची. सजीवाचं चित्र तिथे तिला चालत नाही. झाडच आहे, म्हणून मी निर्धास्त होतो.

तिसऱ्या दिवशी चष्मा पुसून आई चित्राजवळ गेली. "ये कौआ है ना?" फांदीवर खरंच कावळा होता. मला तो दिसलाच नव्हता.

मी फ्रेम काढायला स्टूल आणलं. तिने थोडा वेळ कावळ्याकडे पाहिलं, मग आपली जानमाज उचलली आणि आतल्या खोलीत गेली. "रहने दे," एवढंच म्हणाली.