डू यू पे?

सावित्रीबाईंनी १८५४ सालीच 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून सांगितलं. आपण अजून भितोय. तीन साचे आधी पक्के करा.

आपण म्हणतो, 'मी मजुरी मागतो'. क्रियापद शेवटाला. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं : 'आय डिमांड वेजेस'. नकाराला मध्ये 'डू नॉट' घाला : 'आय डू नॉट बेग'. प्रश्नाला 'डू' पुढं आणा : 'डू यू पे?'

आता हा 'यू' बघा. आपल्या म्हाताऱ्या बापाला गावातली पोरंसोरंही अरेतुरे करायची. इंग्रजीत साहेबही 'यू', झाडूवालाही 'यू'. त्यानं जात जात नाही; पण तोंड तर उघडतं!

चुकलात तर हसतील. हसू द्या. उद्यापासून रोज दहा वाक्यं, मोठ्यानं!